चौऱ्याऐंशीवी ओळ

"हा चौऱ्याऐंशी नंबर कोणाचा गं?" मॅडमनी विचारलं, आणि टेबलामागे बसलेल्या तिचं बोट फोनच्या बटणावर होतं तिथंच राहिलं.

दुपारचे तीन वाजत होते. नोंदींची खोली हॉस्पिटलच्या अर्ध्या तळघरात. खिडकी थेट फुटपाथच्या पातळीला, त्यामुळे बाहेरून जाणाऱ्यांचे नुसते पाय दिसायचे. इथे नोंदी ठेवता ठेवता दोन वर्षांत ती पायांवरून माणसं ओळखायला शिकली होती. पहिला रिपोर्ट घ्यायला आलेले पाय दारापाशी येऊन उगाचच एकदा मागे फिरतात. घरी सोडलेल्या पेशंटचे पाय हळू पडतात, पण थांबत नाहीत. मॅडम तिच्या टेबलाच्या कोपऱ्यावर टेकल्या होत्या, एका हातात निम्मं खाल्लेलं सफरचंद, दुसऱ्या हातात तिने सकाळीच छापून दिलेली यादी. बायकांच्या कॅन्सरच्या मोठ्या डॉक्टर, पण या खोलीत यायचं म्हणजे काहीतरी चघळतच यायच्या. इथल्या फाइली बघितल्या की भूक मरते, म्हणून आधीच खाऊन घ्यायचं, असा त्यांचा हिशेब. "आपल्या बायका त्र्याऐंशी. ही आणखी एक कुठून आली? केसपेपरचा नंबर नाही, गाठीचा प्रकार नाही, टप्पा नाही. वय त्रेसष्ट. पहिलं लक्षण, पाळी गेल्यावर बारा वर्षांनी पुन्हा अंगावरून जाणं. पुढे सगळं कोरं."

तिने कागद हातात घेतला. ओळ होती. वयाच्या आकड्यापुढे टिंबही होतं, आणि असं टिंब या खोलीत तिच्याशिवाय कुणी देत नव्हतं. पण आपण ही ओळ कधी लिहिली ते काही केल्या आठवेना. काल डबा खाऊन बसलो तेव्हा? त्र्याऐंशी बायकांची पहिली लक्षणं भरून भरून हातांना वळण पडलं होतं. त्याच वळणाने हात पुढे चालत गेले असणार, हॉस्पिटलच्या फाटकातून बाहेर, रस्ता ओलांडून, तीन जिने चढून थेट तिच्या घरात.

"चुकून आली असेल, मॅडम. बघते."

"चुकून नंबर येतो गं. वय चुकून येत नाही." मॅडमनी सफरचंदाचा लचका तोडला आणि तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "मी चारला येते परत. तोवर शोधून ठेव, कोण आहे ती."

त्यांचे पाय खिडकीसमोरून गेले. ती कागद उलटा ठेवून बसली, मग सुलटा केला.

यादी अंडाशयाच्या कॅन्सरची होती, पण नेहमीच्या नव्हे. नेहमीचा इथवर पोचतो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. पोट फुगतं, दोन घासांत भरतं, आणि बाई महिनोन्महिने पित्ताच्या गोळ्या खात बसते. मॅडमचा अभ्यास होता तो त्याखेरीजच्या मोजक्या जणींचा. त्यांच्या गाठी निराळ्याच पेशींतून उठलेल्या आणि वागायलाही निराळ्या. काही संथ, काही तुफान, आणि काही तर अंगात भलत्या वेळी भलतीच संप्रेरकं सोडून बाईला बुचकळ्यात पाडणाऱ्या. मॅडमच्या दृष्टीने ते प्रकार होते, तिच्या दृष्टीने ओळखीच्या बायका. सतरा नंबर म्हणजे कॉलेजातली पोर, पोटात कलिंगडाएवढी गाठ. एक अंडाशय काढला, दुसरा जपला, औषधं दिली. आता फोन केला की मागे तिची दोन मुलं एकमेकांच्या उरावर बसलेली ऐकू येतात. एकोणतीस नंबर एकवीस वर्षांची. रक्तातलं कॅल्शियम अचानक वाढलं म्हणून आली आणि सात महिन्यांत गेली. त्या रकान्यात सात हा आकडा टाइप करायला तिला अख्खी दुपार लागली होती. आणि एक्केचाळीस नंबर, जिला हनुवटीवर केस आले, पाळी थांबली, आवाज पुरुषासारखा जाड झाला. गाठ काढल्यावर बाकी सगळं जागेवर आलं, आवाज तेवढा राहिला. पहिल्यांदा फोन लावला तेव्हा ही म्हणाली, "जरा तुमच्या मिसेसना देता का?" तिकडून उत्तर आलं, "मीच मिसेस. बोला." मग दोघी इतक्या हसल्या, की नेमकं काय विचारायचं तेच राहून गेलं आणि परत फोन करावा लागला.

शेवटच्या रकान्यात तीनच शब्द चालायचे. हयात, मृत, किंवा संपर्क नाही. हे काम तिला शिकवलं नोंदींच्या काकांनी. ते गेल्या वर्षी निवृत्त झाले, पण त्यांची खुर्ची अजून त्यांच्याच आकाराची होती. काकांचा एकच नियम होता. बाईचा आवाज स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय 'हयात' लिहायचं नाही. नवरा म्हणाला, मुलगा म्हणाला, शेजारीण म्हणाली, काही चालणार नाही. पूर्वी एका पेशंटचा मुलगा दोन वर्षं सांगत राहिला, आई बरी आहे, आत्ता झोपलीय. काकांनी दोन्ही वेळा 'हयात' लिहिलं. तिसऱ्या वर्षी कळलं, बाई पहिल्या फोनच्याही आधी गेलेली. "त्याला खोटं बोलायचं नव्हतं हो," काका म्हणाले होते, "त्याला ते एक वाक्य तोंडाने म्हणता येत नव्हतं, बस."

तेव्हा तिला त्या मुलाचा राग आला होता. आज नाही आला. आज तिचेही तीन आठवडे झाले होते.

तीन आठवड्यांपूर्वी सकाळी ती उठली तर गॅलरीत चादर वाळत घातलेली, आणि सासूबाई चहाचं आधण ठेवून काहीच न घडल्यासारख्या उभ्या. "पिटूने ओली केली," त्या म्हणाल्या. वाक्य साधं, घरात वीस महिन्यांचं पोर असलं की रोजच्या बोलण्यातलं. पण पिटू त्या रात्री हिच्या कुशीत झोपली होती. ही चहा प्यायली आणि कामावर गेली. मग जे डोळ्यांना आधी दिसत नव्हतं ते एकेक करून दिसायला लागलं. कपाटातल्या हिच्या पॅडच्या पाकिटातून दोन कमी, पुढच्या आठवड्यात तीन. पिटू धावत येऊन आजीच्या छातीवर डोकं आपटायची, तशी आजी "आई गं, हळू बाळा," म्हणून कळवळायची. आणि चेहऱ्यावर चक्क तकाकी. खालच्या मजल्यावरची बाई जिन्यात म्हणाली, "काय लावता हो तोंडाला? दिवसेंदिवस तरुण होत चाललाय." सासूबाई लाजल्या होत्या, खरंच लाजल्या होत्या, आणि मागे उभ्या असलेल्या हिने मनातल्या मनात यादी उघडली होती. कारण सासूबाई ज्याला तरुण होणं म्हणत होत्या, तो तिच्या यादीतला लक्षणांचा रकाना होता. ग्रॅन्युलोसा नावाची एक गाठ असते. ती स्त्रीचं संप्रेरक स्रवत राहते, आणि आजी झालेल्या बाईचं शरीर मागच्या दाराने पुन्हा तिशीत जातं. अशा नऊ बायका यादीत होत्या, आणि नऊजणींनी तीच गोष्ट सांगितली होती. आम्हाला वाटलं, उष्णता असेल.

सांगायला हवं होतं, त्याच सकाळी. पण सांगायचं म्हणजे काय, तर गॅलरीतल्या चादरीकडे बोट दाखवायचं, आणि बोट दाखवायचा हिला धीर होईना. हिच्या बाळंतपणात असं नव्हतं. टाके दुखत होते, रडू येत होतं, दूध उतरत नव्हतं, आणि बादलीत भिजवलेले आपले कपडे सासू धुतेय हे बघून ती अंथरुणातून ओरडली होती, "आई, ठेवा ते, मी करते नंतर." सासूबाईंनी वळूनही पाहिलं नव्हतं. "गप पड. तुझ्या अंगावरचं आणि माझ्या अंगावरचं वेगळं असतं होय?" त्या दिवसापासून 'आई' हा शब्द हिला उच्चारावा लागला नाही, आपसूक यायला लागला. त्या बाईने हिचं सगळं पाहिलं होतं. आणि स्वतःचं मात्र पहाटे उठून, नळ बारीक सोडून, आवाज न करता धुतलं.

लपवायची ती सवय कुठून आली तेही हिला ठाऊक होतं. सासूबाई एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. कानाला हेडफोन, समोर दिव्यांचा बोर्ड, आणि एकच कायदा, की बदलीवाली येऊन मागे उभी राहिल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. कुणाची कुठली लाइन जोडलेली असते, कुणाला मुलगा झालेला, कुणाचा बाप गेलेला. तू उठलीस की त्यांचं बोलणं मधेच लटकतं. एकदा पाळी दोन दिवस आधी आली आणि बदलीवालीची बस चुकली, तर सासूबाई सात तास तशाच बसून राहिल्या होत्या, आणि जाताना स्वेटर कंबरेला बांधून गेल्या. ही गोष्ट त्या विनोद म्हणून सांगायच्या. "त्या दिवशी मी एकशे बारा लोकांना नमस्कार केला, एकालाही कळलं नाही की बाई रक्तात बसलीय." ऐकणारे हसायचे. हीसुद्धा दर वेळी हसली होती.

खिडकीबाहेरून एका लहान मुलाचे पाय गेले, बुटांच्या लेस सुटलेल्या. तिला पिटूची आठवण झाली, आणि तिच्यामागोमाग तो विचार, जो तिने तीन आठवडे कुणाला, नवऱ्यालासुद्धा, सांगितला नव्हता. नवरा दूर पुलाच्या कामावर, पंधरवड्यातून दोन दिवस घरी. फोनवर त्याला काय सांगणार? चादर बघून तिला जो पहिला विचार आला तो सासूबाईंचा नव्हताच. पहिला विचार आला, पिटूला कोण बघणार? जवळच्या एकुलत्या एका पाळणाघरात तीन वर्षांच्या आतलं मूल घेत नाहीत. मग माझी नोकरी? मग ही यादी? सासूबाई दुसऱ्या नंबरावर आल्या. क्षणभराचाच फरक असेल, पण आल्या दुसऱ्या. हे कुठल्या रकान्यात भरायचं?

चार वाजता मॅडम आल्या. या वेळी हात रिकामे.

"सापडली?"

"सापडली." तिला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज सरळ निघाला. "आमच्या घरात आहे. माझ्या सासूबाई."

मॅडमनी काकांची खुर्ची ओढली आणि बसल्या. त्या खुर्चीत कुणी बसायचं नाही असा अलिखित नियम होता, पण हे त्यांना सांगावं असं तिला वाटलं नाही. किती दिवस, किती जातं, पोटात जड वाटतं का, असे तीन-चार प्रश्न त्यांनी विचारले. तिला एकाचंही धड उत्तर देता येईना. तिला सगळं चादरीवरून, पाकिटावरून, जिन्यातल्या बोलण्यावरून माहीत होतं. ज्या बाईच्या हातचं रोज खातो, तिला तिने एकही प्रश्न विचारला नव्हता.

"हे बघ," मॅडम म्हणाल्या, "पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं म्हणजे कॅन्सरच असतो असं नाही. बहुतेकींना साधंच काहीतरी निघतं. पण साधं आहे की नाही ते मला तपासून ठरवू दे ना. तू तर बाईला थेट यादीत घालून मोकळी."

"मी लिहिलेलं मला आठवतही नाही, मॅडम."

"हाताला आठवलं, पुष्कळ झालं. उद्या नऊला घेऊन ये. आणि ही ओळ खोड. कोऱ्या रकान्यांची बाई मला यादीत चालत नाही."

तिने ओळ काढली. मग पर्स घेतली आणि पहिल्यांदाच वेळेच्या आधी खोलीतून बाहेर पडली. फुटपाथवरून आपल्याच खिडकीसमोरून जाताना तिच्या लक्षात आलं, की आत्ता आपले पाय दिसत असतील, आणि ते मागे फिरत नाहीयेत.

घरी उन्हं गॅलरीतून आत आली होती. सासूबाई जमिनीवर मांडी घालून बसलेल्या, समोर साबणाचे रिकामे खोके ओळीने मांडलेले, आणि पिटू एकेका खोक्यात दोरीचं टोक खुपसत होती. एक्स्चेंज चालू होतं.

"हॅलो, कोण पाहिजे?" सासूबाई त्या जुन्या, इस्त्री केलेल्या आवाजात म्हणाल्या.

"मांजल," पिटू म्हणाली.

"मांजर जेवायला गेलंय. थांबता का लाइनवर?" मग हिला पाहून त्यांचा आवाज घरचा झाला. "अगं, आज इतक्या लवकर? सोडलं की काढलं?"

ती चपला न काढताच त्यांच्यासमोर बसली. "आई, चादर पिटूने ओली केली नव्हती."

सासूबाईंच्या हातातली दोरी थांबली. पिटूने ती ओढून घेतली. ती मांजराशी बोलायला लागली.

"केव्हापासून आहे?" हिने विचारलं.

"दोन महिने झाले असतील. जातं, थांबतं, परत येतं." सासूबाई खोके उगाच सरळ करत म्हणाल्या. "पाळी रिटायर होऊन बारा वर्षं झाली, आता साहेबाने परत ड्युटीवर बोलावलंय. म्हटलं तात्पुरतं असेल." हसण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं, पण हसू आलं नाही.

"मला सांगायचं होतं ना!"

"सांगून? तू निघालीस की बोर्डावर मी एकटी. मी उठले तर हिला कोण बघणार? तू नोकरी सोडून बसली असतीस. तुझा स्वभाव काय मला माहीत नाही? ती तीन वर्षांची होऊ दे, शाळेत जाऊ दे, मग बघू म्हटलं."

"मला तीन आठवड्यांपासून माहीत होतं, आई." आता ते आत थांबवणं शक्य नव्हतं. "मी पण गप्प बसले. आणि मला आधी तुमची काळजी वाटलीच नाही. मला आधी वाटलं, पिटूला कोण बघणार. तुमचं नंतर आलं मनात."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत आश्चर्य होतं, पण दुखावल्याची खूण नव्हती. "मग त्यात रडायला काय झालं? माझ्याही मनात तेच आधी आलं की."

आणि मग त्या खरंच हसल्या, हीही हसली, नाक पुसत, आणि दोघी कशाला हसतायत हे न कळून पिटू दोघींपेक्षा मोठ्याने हसली. हिने हात पुढे केला आणि सासूबाईंच्या कानावरून, जिथे काहीच नव्हतं तिथून, हेडफोन काढल्यासारखं केलं. "मी आलेय बदलीला. उठा आता."

"अगं पण..."

"तुमच्या अंगावरचं आणि माझ्या अंगावरचं वेगळं असतं होय?"

सासूबाई हिच्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या. 

तपासणीत गाठ निघाली. डाव्या अंडाशयात, मुठीएवढी, ग्रॅन्युलोसाच, आणि पहिल्या टप्प्यातली. बाहेर कुठेही न पसरलेली. गर्भाशयासकट सगळं काढून टाकलं. नवऱ्याने दीड महिन्याची रजा काढली, मॅडमनी यादीचं काम घरी न्यायची परवानगी दिली, आणि खालच्या मजल्यावरची बाई रोज दुपारी पिटूला नेऊन कधी झोपवायची, कधी उलट स्वतःच झोपून जायची. टाके काढायच्या दिवशी मॅडम सासूबाईंच्या खाटेवर टेकून म्हणाल्या, "गाठ संथ जातीची आहे, आजी. तुमच्यासारख्या बहुतेक बायका पुढे छान जगतात. पण जात विसराळू नाही. दहा, वीस वर्षांनीसुद्धा परत दार वाजवू शकते. म्हणून मी काही तुम्हाला सोडणार नाही. दर थोड्या महिन्यांनी तपासणी, आणि वर्षाला एकदा आमच्या ऑफिसातून फोन."

"वीस वर्षं?" सासूबाईंनी बोटांवर मोजलं. "म्हणजे मला त्र्याऐंशी वर्षं जगावं लागणार? तुम्ही तर कामालाच लावलंत की हो."

वर्ष झालं. नोंदींची खोली, दुपारचे तीन, खिडकीत पाय. ती फोन करत करत खाली आली होती. सतरा नंबर, हयात, मागे मुलं भांडतायत. एक्केचाळीस, हयात, आवाज जाड. मग चौऱ्याऐंशी, या वेळी रीतसर यादीत आलेली. आता त्या ओळीला केसपेपरचा नंबर होता, प्रकार होता, टप्पा होता, शस्त्रक्रियेची तारीख होती, वयापुढे टिंब होतं. शेवटचा रकाना तेवढा रिकामा. सकाळीच या बाईशी तिचं पिटूच्या मोज्यांवरून वाजलं होतं, आणि रागारागाने दिलेला डबा आत्ता टेबलावर होता. ती हयात आहे हे डब्याच्या गच्च लावलेल्या झाकणावरूनसुद्धा कळत होतं. पण झाकण म्हणजे आवाज नव्हे. तिने घरचा नंबर फिरवला.

वाजत राहिला. पाच, सहा, सात. तिने पेन खाली ठेवलं. मग उचलला, आणि नुसता एक छोटा श्वास ऐकू आला.

"पिटू? आजी कुठे आहे?"

"आजी नाहीये," पिटू म्हणाली.

खोलीतलं सगळं जागच्या जागी थांबलं. कपाटं, फाइली, खिडकीतले पाय. एकोणतीस नंबर, सात महिने. झोपलीय म्हणणारा तो मुलगा. मग दूर कुठेतरी नळ बंद झाल्याचा आवाज, ओल्या पायांचा फटफट आवाज, आणि फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याची खरखर.

"नमस्कार," तो इस्त्री केलेला, एकतीस वर्षांचा आवाज म्हणाला. "कोण पाहिजे आपल्याला?"

तिने पेन उचललं. "मी हॉस्पिटलच्या नोंदी विभागातून बोलतेय. पेशंटची वार्षिक चौकशी होती. पेशंट आहेत का?"

"आहेत. लाइनवरच आहेत. बोला."

तिने तारीख लिहिली. त्यापुढे लिहिलं, हयात. आणि फोन कानाला तसाच धरून ठेवला, कारण तिकडे पिटू एक मोजा घालायचा नाही म्हणून रडायला लागली होती, आणि आजी तिला सांगत होती, थांब गं बाळा, माझं बोलणं चालू आहे.